ऐकणाऱ्याचे ऋण

गतवर्षी कार्तिकात परळीहून बीडकडे जात असता सिरसाळा येथे आम्हास पाऊण तास थांबावे लागले. निमित्त क्षुल्लक होते. मोटारीचे चाक पंक्चर झाले होते आणि ते काढून नीट करणाऱ्या मुलास घाई नव्हती. समोरच्या चहाच्या दुकानापाशी ऊसतोडीस निघालेल्या मंडळींचा एक ट्रॅक्टर उभा होता. मागच्या दोन ट्रॉल्यांत पाच-सहा संसार रचलेले होते. भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती, कोपीसाठी बांबू व ताडपत्री, दोन शेळ्या, आणि या सर्वांच्या वर बसलेली माणसे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयास नवरा-बायकोंचे हे ‘कोयते’ आता पाच महिने परमुलखात राबणार होते. ट्रॅक्टरच्या टपावर मात्र भलेमोठे ध्वनिक्षेपक बांधलेले होते, आणि त्यांतून जे गाणे बाहेर पडत होते त्यात हलगीचा ठेका कोठे संपतो व यंत्राचा कोठे सुरू होतो हे सांगता येणे कठीण होते.

आमच्या बरोबर आमचा भाचा होता. तो पुण्यास शिकतो आणि फावल्या वेळी संगणकावर नृत्याचे संगीत रचतो. कोणाच्या कानावर न पडलेले संगीत हुडकून काढणे हा त्याचा छंद. नव्हे, व्रतच म्हणावयाचे. त्याने ट्रॅक्टरवाल्यास विचारले, “दादा, हे कुणाचं गाणं?” चहाची बशी ओठाशी नेता नेता तो गृहस्थ म्हणाला, “कुणाचं म्हंजी? आपलंच हाय की.”

मग त्याने इंजिनाबरोबर गाणेही बंद केले. त्या शांततेत मागच्या ट्रॉलीतून एका बाईचा आवाज ऐकू आला. ती मांडीवरच्या लेकरास निजवीत होती. गाणे पाळण्याचे होते, शब्दांची ठेवण ओवीची होती, आणि चाल कोठल्याशा चित्रपटातून येऊन तिच्या गळ्यात मुरलेली होती. आवाज बसका, पण सुरास पक्का. भाच्याने खिशातून फोन काढला, दोन-तीन मिनिटे तो आवाज टिपून घेतला आणि चाक बसताच आम्ही निघालो.

वडवणी मागे पडेपर्यंत तो हर्षभरित होता. “मामा, हा आवाज मी माझ्या नव्या तुकड्यात घालणार. असं कुणी ऐकलेलंच नाही!” नंतर बराच वेळ तो गप्प बसला आणि बीडचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाला, “पण मामा, मी तिला विचारलं नाही. ते चुकलं का?”

आम्हास त्या वेळी उत्तर देता आले नाही. प्रश्न वाटतो तितका लहान नाही, हे जसजसा विचार करावा तसतसे ध्यानात येते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी मुले आहेत. त्यांच्या कानांत काय चालले आहे हे आपणास ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही क्वचितच असते. म्हणून या प्रश्नाची थोडी फोड येथे करावी असे आम्ही योजिले आहे.

या मुलांच्या बोलण्यात ‘भूमिगत संगीत’ हा शब्द वारंवार येतो. भूमीच्या खाली असणे म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण खाली जाण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. काही गोष्टी जाणूनबुजून लपविलेल्या असतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेविले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती कुलुपे उघडली, तेव्हा आद्य मराठी गद्याचे भांडार आपल्या हाती आले. घराण्यांच्या उस्तादांनीही आपापल्या चिजा अशाच जपल्या. पंडित भातखंडे यांनी त्या मिनतवारीने मिळवून, स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या.

काही संगीत दुसऱ्या तऱ्हेने भूमिगत होते: ते बाजारपेठेकडे स्वतःहून पाठ फिरविते. १९७६-७७ साली इंग्लंडात पंक नावाचे जे खडबडीत, संतप्त संगीत उदयास आले, त्यातील बझकॉक्स या मँचेस्टरच्या मंडळीने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये आपली ध्वनिमुद्रिका आपणच काढली. मोठ्या कंपनीच्या दारात तिष्ठत बसावयाचे नाही, तीन-चार सूर येत असले तरी पुरे, म्हणावयाचे ते सरळ म्हणावयाचे, हा त्यांचा बाणा होता. आमच्याकडील सत्यशोधक व आंबेडकरी जलसे, किंवा १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, यांचा बाणा याहून फार निराळा नव्हता. डफ, तुणतुणे, मोकळा गळा आणि समोर उभी असलेली वस्ती, एवढेच त्यांचे भांडवल. मात्र त्यांस ‘आपले पंक’ असे नाव देण्याचा मोह आम्ही आवरतो. थोरल्या भावास धाकट्याचे नाव लावण्यात शोभा नाही.

तिसरा प्रकार सर्वांहून मोठा, आणि तोच आम्हास अस्वस्थ करितो. हे संगीत कोणी लपविलेले नसते व ते कशाकडे पाठही फिरवीत नाही. सिरसाळ्याच्या रस्त्यावर ते भर दुपारी चालू असते. ते भूमिगत असते ते केवळ आमच्या दृष्टीने. कारण आम्ही खाली वाकून कधी ऐकलेले नसते. अशा संगीताचा ‘शोध लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः शोध त्या संगीताचा लागत नाही, आपल्या बहिरेपणाचा लागतो. “आपलंच हाय की” या तीन शब्दांत त्या ट्रॅक्टरवाल्याने हेच आम्हास सांगितले होते.

मग शोधणाऱ्याचे काहीच श्रेय नाही काय? आहे, आणि ते थोडेही नाही. येथे चरणजित सिंग यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदात वाजविणारे कलावंत होते. १९८२ साली त्यांनी तीन जपानी विद्युत्-वाद्ये जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले व त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. ती खपली नाही आणि लवकरच विसरली गेली. त्याच जातीच्या एका वाद्यातून पुढे शिकागोच्या तरुणांनी जो सूर काढला, तो १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ या नावाने जगभर गाजला. कालांतराने एका डच संग्राहकाच्या हाती ही मुंबईची ध्वनिमुद्रिका लागली. त्याने २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि ऐकणारे थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी हे मुंबईत वाजले होते! सत्तरीच्या घरातील या वादकास युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले. तो संग्राहक नसता तर या अपूर्व कामाची कदर त्यांच्या हयातीत झाली नसती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच हकीकतीत दोन बोचणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली ही की, अठ्ठावीस वर्षे हा मनुष्य मुंबईतच राहत होता आणि त्याची वास्तपुस्त घ्यावयास ॲमस्टरडॅमहून कोणी यावे लागले. दुसरी ही की, त्यांचा गौरव झाला तो ‘ॲसिड हाउसचा जनक’ म्हणून. त्यांनी तर, त्या काळी चित्रपटांत डिस्कोची चलती होती म्हणून राग व ठेका एकत्र आणून पाहिले होते. ज्या घराचा पत्ताही त्यांस ठाऊक नव्हता त्या घराचे जनकत्व त्यांस बहाल झाले! शोधणारा वस्तूस उजेडात आणतो खरा, पण त्या उजेडाचा रंग त्याचा स्वतःचा असतो. आपण दिलेल्या नावावाचूनही ती वस्तू पूर्ण होती, एवढे भान त्याने राखिले म्हणजे पुष्कळ झाले.

या छंदात आणखी एक विकार शिरण्याचा संभव असतो. आमच्या भाच्याचे काही स्नेही असे आहेत की, एखादे गाणे दहा जणांस ठाऊक असते तोवर ते त्यास जीव की प्राण असते. दहा हजारांस ठाऊक झाले की त्याचा वीट येतो. गाणे तर तेच असते. एक सूर इकडचा तिकडे झालेला नसतो. मग प्रेम कशावर होते? गाण्यावर, की इतरांच्या अज्ञानावर? पाणोठा एकाने वापरला तर दुसऱ्याचे पाणी कमी होईल. गाण्याचे तसे नाही. ते ऐकल्याने झिजत नाही. जो ते आपल्यापाशी कोंडू पाहतो तो उस्तादांच्या पंक्तीस बसतो, आणि उस्तादांनी निदान त्या चिजांसाठी आयुष्य तरी वेचलेले होते. तथापि या मुलांस हसण्याचा अधिकार आम्हा वडीलधाऱ्यांस नाही. दुर्मिळ पोथी, जुने नाणे, आंब्याची ठराविक बागेतील पेटी यांविषयी आमची आवड याहून शुद्ध असते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न विचारता आवाज उचलण्यात चूक ती काय? कोणी म्हणेल, बाईचे काय गेले? तिचा गळा तिच्यापाशीच आहे. या म्हणण्यास तैवानातील एका प्रकरणाने उत्तर दिलेले आहे. तेथील आमी या आदिवासी जमातीतील दिफांग नावाचे वृद्ध शेतकरी व त्यांच्या पत्नी यांचे गायन १९८८ साली पॅरिस येथे ध्वनिमुद्रित झाले. काही वर्षांनी एनिग्मा या युरोपीय संगीतसंचाने त्यातील आवाज उचलून, त्याखाली ठेका घालून एक गीत रचिले; ते जगभर खपले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजले. गाणाऱ्यांचे नाव कोठेच नव्हते. आपला आवाज परदेशांतून परत आपल्याच कानी येतो आहे हे त्या वृद्धांस नंतर कळले. दावा झाला, १९९९ साली तडजोड होऊन त्यांस श्रेय व मोबदला मिळाला. ज्यांनी आवाज उचलला त्यांची सबब अशी असते की, गाणे पारंपरिक होते, म्हणजे कोणाचेच नव्हते.

ही सबब आपल्या परिचयाची आहे. ‘लोकगीत’ हा शब्द आपण मोठ्या आदराने उच्चारितो. पण त्याच्या आडोशास बसून गाणाऱ्यास विसरण्याची सोयही झालेली आहे. ओवी कोणा एकीची नाही, हे खरे. ती आजीकडून नातीस, सासूकडून सुनेस, जात्यावरून जात्यावर गेलेली असते. तिच्यावर मालकी सांगणे म्हणजे वाऱ्यावर कर बसविणे होय. परंतु गाणे सर्वांचे असले तरी गळा एकीचाच असतो. त्या पहाटे, त्या घरात, त्या दुःखाने भरून येऊन जी गायिली ती अमुकच एक बाई होती.

ही गोष्ट ज्यांनी ओळखिली त्यांचे उदाहरण आमच्या जवळचेच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सिरसाळ्याहून फार दूर नसलेल्या माजलगावी, भीमनगर वस्तीत, १९९६ साली त्यांनी बाबासाहेबांवरील व रमाईवरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जात्यावर केवळ रामसीताच गायिली जाते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी त्या अवश्य ऐकाव्या. पुढे २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा संग्रह प्रसिद्ध करावयास घेतला, तेव्हा गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव ओवीबरोबर दिले. लाख ओव्यांच्या डोंगरात एकेका बाईचे नाव शोधून लिहिणे हे काम कंटाळवाणे खरेच. पण संग्राहक आणि उचल्या यांतील सीमारेषा याच कंटाळवाण्या कामाने आखली जाते.

येथे आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणतील, ओवीचे ठीक. पण ट्रॅक्टरवरच्या त्या गोंगाटाचीही तुम्ही आरतीच करावयाची काय? तसे आमचे म्हणणे नाही. कानठळ्या बसविणारा आवाज हा त्रासच असतो, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे असा २००० सालचा नियम आहे तो योग्यच आहे. पण आवाज मोठा असणे आणि गाणे हलके असणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिलीच्या आडून दुसरी करू नये. शिकागो येथे १९७७ साली वेअरहाउस नावाच्या नाचघरात ज्या मंडळींनी नव्या नृत्यसंगीताचा पाया घातला, त्यांत मुख्यत्वे कृष्णवर्णीय व समलिंगी तरुण होते. अन्यत्र त्यांस मोकळेपणी उभे राहावयासही जागा नव्हती. जेथे नाचता येते तेवढीच जमीन काही माणसांच्या मालकीची असते. पाच महिने परक्याच्या फडात कोयता चालविणाऱ्या माणसाने निघण्याच्या दिवशी आपले गाणे मोठ्याने लाविले, तर त्यात निव्वळ दांडगाई पाहणे न्यायाचे होणार नाही.

शिवाय आपला इतिहासही आपण आठवावा. तमाशास सभ्य घरांनी दाराबाहेर ठेविले, आणि पुढे त्याच तमाशास संस्कृतीचे लेणे म्हणून मखरात बसविले. विठाबाई नारायणगावकर यांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि २००२ साली त्या वारल्या त्या हलाखीत. तिरस्कार केला तेव्हा आपण त्यांचे काही देणे लागत नव्हतो असे समजत होतो. कौतुक केले तेव्हा कौतुकातच देणे फिटले असे समजलो. दोन्ही वेळा हिशेब आपणच मांडिला.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. नवे संगीत शोधणे हे पाप नव्हे. उलट ज्याचा कान आपल्या घराच्या भिंतीपलीकडे जात नाही तोच अधिक दोषी. परंतु ऐकणे ही फुकटची गोष्ट नाही. ऐकणारा त्या क्षणी ऋणी होतो, आणि त्या ऋणाचे तीन हप्ते आहेत: विचारणे, नाव घेणे, आणि परत जाणे. पैकी तिसरा हप्ता सर्वांत अवघड. मुंबईच्या स्वदेसी या तरुण गायकसंचाने २०१९ साली आरेच्या जंगलातील वारल्यांच्या लढ्यावर गीत केले, तेव्हा तेथील प्रकाश भोईर यांचा आवाज कोठून उचलून आणिला नाही. तेच त्या गीतात सहगायक झाले. अशा ठिकाणी शोधणारा व शोधलेला हा भेदच उरत नाही.

हे सर्व आम्ही भाच्यास सांगितले. तो म्हणाला, “पटतं मामा. पण ती बाई आता कुठे सापडणार? कुठल्या कारखान्यावर गेली असेल कोण जाणे.” आम्ही म्हणालो, “चैत्रात परत येतील. तोवर थांब.” तरुण माणसास सहा महिने थांब म्हणणे म्हणजे काय, हे आम्हास कळत होते. तुकडा जवळजवळ तयार होता. पण तो थांबला.

चैत्रात तो एकटाच सिरसाळ्यास गेला. चहाच्या दुकानी चौकशी करिता दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका वस्तीवर ती बाई भेटली. तिने फोन कानाशी धरून आपला आवाज ऐकला, आणि भाचा सांगतो, ती चक्क नाराज झाली. “त्या दिशी माझा घसा बसला व्हता. आसं कुणी घेतं का? आता म्हनते, नीट घ्या.” आणि ती पुन्हा गायिली. या वेळी चित्रपटाची चाल नव्हती. कोठली होती ते भाच्यास सांगता येत नाही. नाव काय घालू असे विचारिता ती म्हणाली, “माझं नगं. माझ्या आईचं घाला. गानं तिचं हाय.”

भाच्याने मोबदल्याची गोष्ट काढिली ती तिने नवऱ्यास बोलावून व्यवस्थित ठरवून घेतली. त्यात संकोच केला नाही. बाईचे नाव येथे आम्हीही देत नाही, कारण ते देऊ नये अशी तिची इच्छा आहे. नाव घेणे हे ऋण आहे असे आम्ही वर म्हटले. त्यात एवढी दुरुस्ती करावयास हवी की, नाव कोणाचे घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही गाणाऱ्याचाच आहे. ही गोष्ट आम्हास विचार करून सुचली नव्हती. ती विचारावयास गेल्यावर कळली.